पियानोबाईंची साथ

बुटकीला कोणत्या कॉलेजात घालायचं, हा विषय त्या घरात इतका चघळून झाला होता की आता त्यात नुसता चोथा उरला होता. तरी रोज सकाळी चहाबरोबर तो पुन्हा तोंडात यायचाच.

बुटकी म्हणजे पियानोबाईंची एकुलती एक लेक. लहानपणी वर्गात सगळ्यांत ठेंगणी होती, म्हणून बापाने लाडाने ठेवलेलं नाव. पुढे पोरगी अशी काही ताडमाड वाढली की बापाच्या डोक्यावरून हात नेऊन फडताळातला डबा काढायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ही बुटकी व्हायोलिन वाजवायची. कशी वाजवायची म्हणाल, तर खालच्या मजल्यावरचा एक कुरकुऱ्या म्हातारा होता, त्याला शेजारच्या नळाचं पाणी टपकलेलंही खपायचं नाही. तो म्हातारा वर व्हायोलिन सुरू झालं की खिडकी उघडून बसायचा. आता यावरून काय ते समजा.

तिचे व्हायोलिनचे सर शब्दाला महाग माणूस. पण एक दिवस त्यांनी आईबापाला समोर बसवलं आणि सांगितलं, "हिला नुसत्या संगीताच्या शाळेत डांबू नका. पोरीला डोकं आहे. आकाशातल्या ताऱ्यांचं वेड आहे, इतिहास वाचते, भांडते चांगली. जिथे व्हायोलिन शिकता येईल आणि बाकीचंही सगळं शिकता येईल, असं कॉलेज बघा. पण वाजवणं सुटता कामा नये हं. ते सुटलं तर माझा जीव तुटेल."

पियानोबाईंनी ते शेवटचं वाक्य तेवढं गाठीला बांधून ठेवलं. त्यांचा तर सगळा जीवच त्यात होता.

बुटकीच्या आत्याला मात्र हे काही केल्या पटेना. "सगळं शिकवतात म्हणजे काय गं वहिनी?" ती फोनवर ओरडायची. "व्हायोलिन पण, तारे पण, इतिहास पण! एक ना धड, भाराभर चिंध्या! शेवटी पोरगी होणार कोण, ते सांग ना मला."

"माणूस होईल," बुटकीचे बाबा शेजारून म्हणायचे. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे, आणि बहिणीशी वाद घालताना हमखास स्वतःचाच चष्मा पुसत बसायचे.

चाळून चाळून दोन कॉलेजं उरली. एक टेकडीवरचं, एक तळ्याकाठचं. टेकडीवरच्याचा दबदबा मोठा. तिथे मोठा वाद्यवृंद, व्हायोलिनचे नावाजलेले गुरू, आणि वर ताऱ्यांचा अभ्यासही. तळ्याकाठचं लहानसं. तिथे संगीताला एकच प्राध्यापिका, पण दुर्बीण चांगली होती म्हणे. मन सगळ्यांचंच टेकडीवर होतं, तळं आपलं हाताशी असावं म्हणून. दोन्हीकडे जाऊन वाजवून दाखवायचं होतं. फरक एवढाच, की टेकडीवर साथीला त्यांचा पियानोवाला असणार होता, आणि तळ्याकाठी आपलं माणूस नेलं तरी चालणार होतं.

"कुणी का असेना साथीला," बुटकी म्हणाली. "वाजवायचं तर मलाच आहे."

पियानोबाईंचं काम इथे सांगायला हवं, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. त्या एका नाचाच्या शाळेत पियानो वाजवायच्या. लहान पोरांचा वर्ग. लाकडी जमीन, भिंतभर आरसा, कोपऱ्यात मोज्यांचा ढीग आणि त्या ढिगाशेजारी पियानो. तिथल्या नाचाच्या बाईंचा एक दंडक होता. एवढ्याएवढ्याशा पोरांना आपण चुकलो असं कधी वाटता कामा नये. वाटलं की ती रडतात, आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मग पोराचा पाय लवकर पडला, तर पियानोने लवकर यायचं. पोर अडखळलं, तर पियानोने थांबायचं. "मूल चुकलं की पियानोने चुकायचं," बाई म्हणायच्या, "म्हणजे दोघंही बरोबर!" पियानोबाईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांची बोटं डोळ्यांना विचारायची, कानांना नाही. पोराचा गुडघा वाकला की यांना कळायचं, आता हे मात्रा खाणार. आणि त्या आधीच तिथे जाऊन उभ्या.

घरीही तेच. बुटकीने व्हायोलिन पेटीतून काढलं की आईने हात पुसत स्वयंपाकघरातून यायचं आणि पियानोशी बसायचं, हा त्या घरचा रिवाज. पोरगी पहिलेवहिले सूर घासत होती तेव्हापासूनचा. नुसते सरावाचे चढते-उतरते सूर असले, तरी खाली आईची साथ हवीच. सरांकडेही बाई बरोबर जायच्या. सरांना काय, साथीला आयतं माणूस मिळालं, ते खूश. ठोके मोजणारं ते यंत्र सरांनी एकदा दिलं होतं, पण बाईंना त्याची टकटक आवडायची नाही. "मी आहे ना," त्या म्हणाल्या, "आणि हे कशाला मेलं जीव नसलेलं?" त्यात त्यांना काही चुकीचं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

टेकडीवर जायचा दिवस उजाडला. लांबलचक दगडी व्हरांडा, दोन्हीकडे बंद दारं, प्रत्येक दारामागे कुणीतरी काहीतरी वाजवतंय. बुटकीला आत बोलावलं. आईबापाने बाहेर बाकावर बसायचं होतं. पियानोवाला पोरगेलासा होता, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घातलेला. त्याने दार लावता लावता बाईंकडे बघून मान लववली. बाईंना तो आवडला.

आत सुरुवात झाली. पहिल्या ओळी सुरेख गेल्या. बाबांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. मग व्हायोलिनला थोडं थांबायचं होतं, पियानोने एकट्याने पुढे न्यायचं होतं, आणि नंतर व्हायोलिनने पुन्हा यायचं होतं. व्हायोलिन आलं. पण पियानो अजून तिथे पोचला नव्हता.

बाईंना वाटलं, पोरगा चुकला.

व्हायोलिन थबकलं, सावरलं, पुन्हा धावलं. पियानो आपला सरळ, एका चालीत, शांतपणे चाललेला. पुढच्या विश्रांतीनंतर पुन्हा तेच. लांब सूर पुरता धरायच्या आधीच व्हायोलिन पुढच्या सुरावर उडी मारत होतं आणि पियानोवर जाऊन आदळत होतं. आता बाईंची बोटं मांडीवरच्या पिशवीवर आपोआप चालायला लागली होती. आणि चालता चालता त्यांना कळलं, की इथे त्या एक मात्रा गाळायच्या. इथेही. इथे दोन. दारामागच्या त्या पोराचा एक ठोकासुद्धा चुकत नव्हता. त्यांनी पिशवी घट्ट धरली आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

बुटकी बाहेर आली ती लालबुंद होऊन. "आई, त्याला काही येत नाही! सारखा मागे राहत होता. मी काय त्याच्यासाठी थांबून राहू?"

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. खरं बोलायची वेळ होती तर हीच होती. पण पोरीचे ओठ थरथरत होते, लहान असताना रडण्याआधी थरथरायचे अगदी तसेच.

"हो ना," बाई म्हणाल्या, "साथ करायची अक्कलच नाही त्याला."

टेकडीवाल्यांनी काय ठरवलं ते लवकरच कळलं. सभ्य भाषेत नाही म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी, बुटकी मैत्रिणीकडे गेली असताना, बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, दोघी एकदमच पुढे जातो म्हणून सरांच्याही कानाला ते कधी लागलं नाही, हेही सांगितलं. बाबा आधी ऐकून घेत नव्हते. मग म्हणाले, "म्हणजे तो पियानोवाला बरोबर होता? आणि ही म्हणते त्याला येत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अहो, तिला नका नावं ठेवू," बाई एकदम उसळल्या. "तिचं अंगण वाकडंच होतं. मीच केलंय वाकडं, इतकी वर्षं, तिचा पाय पडेल तसं. सपाट अंगणात ती आयुष्यात पहिल्यांदा गेली हो!"

आणि त्या ढसाढसा रडल्या. बाबांना काय करावं सुचेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चष्मा लावून दिसायला लागलं," ते म्हणाले, "म्हणजे डोळे सुधारले असं नव्हे. गिऱ्हाइकाला हे मी रोज सांगतो. सांग तिला."

"आत्ता? तळ्याकाठचं तोंडावर आलंय. आत्ता सांगितलं तर ती उभी राहायची नाही."

"मग नंतर सांग."

"नंतर सांगितलं तर म्हणेल, आधी का नाही सांगितलं."

 

दुसऱ्या दिवशी बुटकी शाळेत गेल्यावर बाई एकट्याच पियानोशी बसल्या. म्हटलं, आपण तरी एकदा सरळ वाजवून बघू. बुटकीची तीच रचना काढली, नुसती साथ, लिहिली होती तशी. विश्रांतीच्या जागेशी आल्या आणि हात धावले. एक मात्रा गाळून पुढे गेले. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, मोठ्याने अंक मोजत घेतलं, आणि हात पुन्हा धावले. खोलीत बुटकी नव्हती, तिचं व्हायोलिन नव्हतं, तरी हात तिच्या चुकीच्या आधी जाऊन तिथे उभे. बाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. त्यांना भीती वाटली.

पण हार मानतील तर त्या पियानोबाई कसल्या! मोजून मोजून, दातओठ खाऊन, त्यांनी हातांना वळण लावायला घेतलं. आणि संध्याकाळी बुटकीबरोबर बसल्यावर सरळ वाजवलं. फक्त एका ठिकाणी. बुटकीचं व्हायोलिन लगेच थांबलं.

"आई, काय चाललंय तुझं? तूही त्याच्यासारखं करायला लागलीस?"

"अगं, इथे थांबायचं असतं ना जरा."

"मग थांबलेच की मी! तूच मागे राहिलीस." आणि मग आवाज खाली आणून, "आई, प्लीज. मला आता तुझ्याशिवाय कुणाचा भरवसा नाही."

झालं. आईचं काळीज ते, विरघळलं. पुढे सगळे दिवस बाईंनी पूर्वीसारखीच साथ केली, किंबहुना पूर्वीपेक्षा सुंदर. खालचा म्हातारा जिन्यात भेटला तर डोळे पुसत म्हणाला, "तुमच्या दोघींचं वाजवणं म्हणजे, काय सांगू!" दोघींचं, असंच म्हणाला तो. बाईंच्या ते मनाला लागलं, पण त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

तळ्याकाठचं कॉलेज खरंच लहान होतं. हिरवळीवर बदकं फिरत होती, मुलं पायऱ्यांवर बसून पावात काहीबाही घालून खात होती. बुटकीने आधी ताऱ्यांच्या माणसाशी गप्पा मारल्या, आणि त्या इतक्या रंगल्या की बाबांना तिला ओढून आणावं लागलं. संगीताच्या प्राध्यापिका साठीच्या पुढच्या, पायात चिखलाचे बूट, नाकावर जाड भिंगं. बाबांनी आल्याआल्या मनातल्या मनात त्यांचा नंबर ओळखला आणि बायकोच्या कानात सांगितला. बाईंना हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

दोघींनी वाजवलं. काय वाजवलं! बाईंनी जिथे जिथे सांभाळायचं तिथे इतकं अलगद सांभाळलं की त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसतं. बुटकीचा शेवटचा सूर हवेत विरला. बाबांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि इथे वाजवायच्या नसतात हे आठवून खाली घेतले.

प्राध्यापिका खुर्चीत पुढे सरकल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "मीसुद्धा आयुष्यभर साथच केली. पण अशी साथ मी फार कमी ऐकली आहे." आणि मग अगदी सहज, "आता एक करू या का? तुम्ही इथे माझ्या खुर्चीत बसा. पियानोवर मी बसते."

बाई उठल्या. खुर्चीपर्यंत जायला त्यांनी उगाच वेळ लावला. बुटकी मात्र खुशीत होती, तिने व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावलं.

दुसऱ्या विश्रांतीपर्यंतही गाडी गेली नाही. प्राध्यापिकांनीच हात थांबवले, मुलीला थांबावं लागू नये म्हणून.

"इथे किती थांबायचं आहे?" त्यांनी विचारलं. बुटकीने अचूक सांगितलं.

"अगदी बरोबर. मग थांबली का नाहीस?"

"मी थांबते. नेहमी थांबते." आणि तिने मान वळवून खुर्चीकडे बघितलं. "आई, मी थांबते ना गं?"

खोलीत चार माणसं होती आणि त्यातली तीन बाईंकडे बघत होती. बाईंच्या तोंडात "हो" तयार होतं. इतकी वर्षं तेच तयार असायचं.

"नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "तू थांबत नाहीस. मी पुढे येते."

बुटकीने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त आईकडे अशी बघत राहिली, जणू ती आई तिला आजच पहिल्यांदा भेटत होती.

प्राध्यापिका वाईट नव्हत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, मुलीला कॉलेजात जागा आहे, ताऱ्यांवाल्या सरांनी तर आधीच हट्ट धरलाय. व्हायोलिन शिकायचं असेल तर मी शिकवीन. पण पहिलं वर्षभर एकटीने वाजवायचं, साथीला कुणीही नाही. "असं एकट्याचं वाजवणं ऐकवत नाही कुणाला," त्या म्हणाल्या, "आणि वाजवणाऱ्यालाही सोसत नाही. पण दुसरा रस्ता मला माहीत नाही."

बाबा गाडी आणायला गेले. मायलेकी तळ्याशी एका बाकावर बसल्या, मधे व्हायोलिनची पेटी. समोर बदकं मजेत होती.

"टेकडीवर पण माहीत होतं तुला?" बुटकीने विचारलं.

"दाराबाहेर बसल्यावर कळलं."

"आणि तरी मला म्हणालीस, त्याला अक्कल नाही."

"म्हणाले."

"त्या बिचाऱ्याला मी केवढं बोलले, आई." बाईंना वाटलं, आता भांडेल. भांडावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण बुटकीने पाण्याकडे बघत हळूच विचारलं, "एक खरं सांगशील? बाकी सगळं सोड. मी चांगली वाजवते का?"

म्हणजे काय, सुंदर वाजवतेस! कोणतीही आई हेच म्हणाली असती. बाईंनीही तोंड उघडलं. आणि बोलण्याआधी, खरं बोलायचं म्हणून, लेकीचं वाजवणं एकदा आठवून बघितलं. लहानपणचं आठवलं, शाळेच्या कार्यक्रमातलं आठवलं, मागच्या आठवड्यातलं आठवलं. प्रत्येक ठिकाणी खाली त्यांचा स्वतःचा पियानो वाजत होता. तो बाजूला सारून पोरीचं तेवढं ऐकायला गेल्या, तर काही ऐकूच येईना.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी तुला एकटीला कधी ऐकलंच नाही."

बुटकीने मान हलवली. जरा वेळाने बाई न राहवून म्हणाल्या, "आत्ता वाजव. मी नुसती ऐकते. इथे पियानोही नाही."

"नको." बुटकीने पेटीवरचा हात काढून घेतला. "मी पण नाही ना ऐकलं मला. आता भीती वाटते ऐकायची."

बाबांनी लांबून हॉर्न वाजवला. बुटकी उठून पुढे बापाशेजारी जाऊन बसली. पेटी बाईंनी उचलली आणि त्या मागे बसल्या. वाटेत बाबा हवेबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, बदकांबद्दलही बोलले.

बुटकी तळ्याकाठच्या कॉलेजात गेली. सामान भरताना बाबांनी सवयीने विचारलं, "आणि व्हायोलिन?" ती म्हणाली, "राहू दे सध्या." दारात उभ्या पियानोबाईंच्या जिभेवर इतकं काही आलं होतं. त्यांनी ते गिळलं. सरांना कळलं तेव्हा ते नुसते उठून आतल्या खोलीत गेले. आत्या मात्र फोनवर म्हणाली, "चला, निदान एक तरी चिंधी कमी झाली," आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बाबांनी बहिणीचा फोन मधेच ठेवून दिला.

ती दर रविवारी फोन करते. मजेत आहे. ताऱ्यांबद्दल सांगते, खोलीतल्या मुलीच्या घोरण्याची नक्कल करते, इतिहासाच्या सरांशी कशी भांडले ते रंगवून सांगते. बाई सगळं ऐकतात. मधे बोलत नाहीत, तिचं वाक्य पुरं करत नाहीत, ती थांबली तर थांबू देतात. हे त्यांना फार जड जातं, पण त्या शिकल्यात.

एकदाच न राहवून त्यांनी विचारलं, "प्राध्यापिकाबाई भेटतात का गं कधी? म्हणजे, वाजवायचं काही..."

पलीकडे शांतता पसरली. लांबच लांब. बाईंनी डोळे मिटले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मग बुटकीचाच आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड. "आई, तू जेवलीस का?"

"हो," बाई म्हणाल्या, "जेवले की."

त्या जेवल्या नव्हत्या.